घरमालकीणबाईंची जीभ

थंडी अशी काही नसतेच, आइस्क्रीम खायचं नसलं की लोक ती सबब सांगतात, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली आणि ती नेमकी ग्लासगोतली आमची घरमालकीण निघाली. खाली त्यांचं आइस्क्रीमचं दुकान आणि वर आमचा भाड्याचा फ्लॅट. जानेवारीत खोली गरम ठेवणारा रेडिएटर कोमटच्या पुढे जाईना म्हणून माझ्या नवऱ्याने, आनंदने, तक्रार केली. बाई जिना चढून वर आल्या, रेडिएटरला हात लावला, मग आनंदच्या कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "रेडिएटर ठीक आहे. तू कमी खातोस." थोड्या वेळाने खालून दोन कप आइस्क्रीम आलं. रेडिएटर आम्ही घर सोडेपर्यंत कोमटच राहिला.

वय ऐंशीच्या पुढे, उंची आमच्या फ्रिजच्या दाराच्या हँडलएवढी, आणि इंग्रजी अर्धं ग्लासगोचं, अर्धं हातवाऱ्यांचं. मला त्या 'हेन' म्हणत. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाई आपल्याला कोंबडी म्हणतायत. ग्लासगोत ते 'बाळ' म्हटल्यासारखं असतं, हे ऑफिसमधल्या मैत्रिणीने सांगितल्यावर राग गेला. गिऱ्हाइकांच्या बाबतीत मात्र त्यांना एवढं प्रेम परवडत नसे. रांगेत कोणी फोनवर बोलत असेल तर त्याला वगळून त्या पुढच्याला विचारत. दुकानात प्रकार तीनच, पांढरं, पिस्ता आणि लिंबू. पांढऱ्याला व्हॅनिला म्हटलेलंही त्यांना खपत नसे. आनंदने एकदा शुगर-फ्री आहे का, असं विचारलं. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि फार काळजीने विचारलं, "घरात कोण आजारी आहे?"

नाक तर असं की मी वर हिंगाची फोडणी दिली की खाली त्यांना कळायचं. पहिल्यांदा गॅस लीक झाला असं समजून त्यांनी गिऱ्हाइकांसकट सगळं दुकान रस्त्यावर काढलं होतं. मी हिंगाची डबी नेऊन दाखवली. त्यांनी हुंगली, डोळे पुसले आणि "हे तुम्ही मुद्दाम घालता?" एवढंच म्हणाल्या.

इटलीतल्या कुठल्याशा डोंगरातल्या गावातून लग्न होऊन त्या इथे आल्या, त्या थेट नवऱ्याच्या काकाच्या तळलेल्या मासे-चिप्सच्या दुकानात, गार पाण्यात बटाटे सोलायला. इंग्रजी शिकल्या ती गिऱ्हाइकांकडून. त्यामुळे आधी 'मीठ', मग 'व्हिनेगर', आणि त्यानंतर शनिवारी दारू पिऊन येणाऱ्यांचे सगळे शब्द. रविवारी चर्चमध्ये फादरांनी "कशा आहात?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी शनिवारचं उत्तर दिलं. फादर भले होते. त्यांनी फक्त सांगितलं की हे वाक्य चिप्सच्या दुकानातच शोभतं. पुढे नवरा-बायकोने एक जुनी व्हॅन घेतली. बाई पहाटे मागच्या खोलीत आइस्क्रीम करत आणि नवरा ते गल्लोगल्ली विकत फिरे. व्हॅनची घंटा बिघडली तेव्हा दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून तो स्वतः गायचा. "इतकं वाईट गायचा की लोक त्याला गप्प करायला बाहेर यायचे," बाई सांगत. "आणि बाहेर आल्यावर नुसते परत कसे जाणार?" व्हॅनमधून दुकान झालं, दुकानातून वरचे दोन फ्लॅट झाले, आणि मग एके दिवशी नवरा गेला. तो कसा गेला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं ते इतकंच, की दुसऱ्या दिवशी दुकान उघडं होतं.

आता दुकान त्यांचा मुलगा चालवायचा. मुलगा म्हणजे पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, अतिशय शांत माणूस. ऑर्डर, कौन्सिलची माणसं, कार्ड मशीन, सगळं तोच बघायचा. फक्त रोज सकाळी नव्या आइस्क्रीमचा पहिला चमचा आईचा. चव ठीक आहे की नाही हे फक्त आई ठरवणार. "त्याची जीभ अजून तयार व्हायचीय," असं त्या त्याच्यासमोरच म्हणत आणि तो मान खाली घालून कप पुसत राही.

एका हिवाळ्यात बाईंना जोराचा ताप आला. आठवडाभर पडून होत्या. बऱ्या झाल्यावर त्यांनी एके सकाळी मला खाली बोलावलं, चमचा पुढे केला आणि म्हणाल्या, "सांग, कसं झालंय?" मग रोजच बोलावू लागल्या. मी इतकी हरखले की पुण्याला फोन करून आईला सांगितलं. आई म्हणाली, "तुला विचारतात? तू चहात साखर घालायला विसरतेस."

आईची शंका रास्त होती. एका दुपारी बाई आमच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला आल्या होत्या. गॅसवर दूध ठेवून मी ऑफिसचा कॉल घ्यायला आत गेले आणि परत आले तर दूध खाली लागलेलं, खोलीभर करपल्याचा वास. शेगडीजवळच्याच खुर्चीवर, तिच्याकडे पाठ करून, बाई खिडकीबाहेर बघत शांत बसल्या होत्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्यांनी काळं पडलेलं पातेलं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तापापासून वास येत नाही," त्या म्हणाल्या. "चवही नाही. पांढरं, पिस्ता, लिंबू, सगळं एकच."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"तो म्हणतो, येईल किंवा येणार नाही. एवढं मलाही माहीत होतं." मग म्हणाल्या, "मुलाला सांगू नकोस."

"ते समजून घेतील ना."

"समजून घेईलच. पण आधी त्याला सुटल्यासारखं वाटेल, हेन. आणि मग तसं वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटेल. ती लाज मला त्याला द्यायची नाहीये."

 मी रोज सकाळी खाली जात राहिले.

मग चुलत बहिणीचं लग्न आलं आणि मला पुण्याला जावं लागलं. माझ्या जागी आनंद जायला तयार झाला. तो स्वभावाने गोड माणूस, त्याला आयुष्यात काहीच बेचव लागलेलं नाही. तो रोज चमचा चाटून "मस्त" म्हणत असे. एका शनिवारी दूध तळाला लागलं, बाईंना कळलं नाही, आणि आनंद म्हणाला, "आज जरा कॅरॅमलसारखं लागतंय, मस्त." ते दुपारपर्यंत विकलं गेलं. बाईंच्या धाकाने सगळ्यांनी ते मुकाट्याने खाल्लं. शेवटी एका जुन्या गिऱ्हाइकाने कप संपवला आणि निघताना मुलाला हळूच विचारलं, "आईची तब्येत बरी नाही का रे?"

मुलाने चमचाभर चाखलं आणि मशीन बिघडल्याची पाटी लावली. आईलाही तेच सांगितलं.

बाई म्हणाल्या, "मशीन चांगलं चालतंय. बिघडलेय मी." आणि मग त्याला सगळं सांगितलं.

मी परतले तेव्हा दुकानात नुसती कॉफी मिळत होती. आईला डावलून चाखायला मुलगा धजत नव्हता आणि बाई त्याला तसं सांगत नव्हत्या. सोमवारी सकाळी त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. मुलगाही तिथे होता. मशीनमधून पांढरं नुकतंच निघालं होतं. बाईंनी चमचा भरला. माझा हात सवयीने पुढे गेला, पण चमचा त्यांनी मुलापुढे धरला.

त्याने चाखलं आणि बराच वेळ ते तोंडात धरून ठेवलं. मग म्हणाला, "साखर थोडी कमी आहे."

"नाही," बाई ताडकन म्हणाल्या.

 तो कप पुसायलाही वळला नाही, तसाच उभा राहिला. बाई मशीनकडे बघत राहिल्या, आणि मग, जणू खोलीत दुसऱ्याच कोणाला सांगावं तसं म्हणाल्या, "घाल मग."

पुढे आनंदला ब्रिस्टलला नोकरी लागली आणि आम्ही ग्लासगो सोडलं. मध्यंतरी एकदा गेलो होतो. दुकानात प्रकार अजून तीनच आहेत. मी मुलाला कारण विचारलं तर म्हणाला, "आता ठरवणं माझ्यावर आहे ना, म्हणून घाई नाही." बाई खिडकीपाशी बसून असतात आणि गिऱ्हाइकाने पहिला घास घेतला की त्याचं तोंड निरखत राहतात. त्यांची चव काही परत आलेली नाही. मला पाहून त्या उठल्या नाहीत. लिंबाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "सांग."

मी सांगू लागले. आधी आंबट, मग सालीचा किंचित कडूपणा, मग मागून गोड. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"हळू सांग, हेन," त्या म्हणाल्या.