अक्काचा हात आणि लोणारचं तळं

अक्काच्या उजव्या हातावर कोड उठलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आधी मनगटापाशी शेंगदाण्याएवढा पांढरा डाग आला आणि दोन वर्षांत पंजाभर पसरला. त्या काळात तिला बघायला तीन स्थळं येऊन गेली. तिसऱ्या पाहुण्यांनी तर तिने दिलेल्या चहाला हातही लावला नाही. अक्काने तो आत नेऊन परसात ओतला, कप विसळून ठेवला. त्यानंतर मात्र तिचा उजवा हात कायम पदराखाली असायचा.

आमचं परभणीत कापडाचं दुकान होतं. कुणीतरी आईला सांगितलं, की गंगाखेडला गंगेत स्नान करावं आणि लोणारच्या खाऱ्या तळ्याचं पाणी लावावं, कोड जातं. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. आईने अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे धोशा लावला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं. शेवटी अप्पांच्या एका जिनिंगवाल्या मित्राने स्वतःची मोटार आणि ड्रायव्हर दिला. निजामी राज्यात सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी दुपारी माझी शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. मी तेरा वर्षांची होते आणि मोटारीत पहिल्यांदाच बसत होते. अक्काच्या हातापेक्षा मला हॉर्नचंच कौतुक जास्त.

मुक्काम गंगाखेडच्या धर्मशाळेत केला. सकाळी नदीवर गेलो तर थंडीने दात वाजत होते. आईने अक्काचा हात पाण्यात धरून ठेवला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ओठ हलवत राहिली. मग मोटारीत दर दोन-चार मैलांनी ती अक्काचा पदर बाजूला करून बघायची.

"माय, इतक्यात काय फरक पडायलाय?" अक्का म्हणाली.

"बघू दे की. तुझं काय जायलंय?"

दुपारी जिंतूरला पोचलो. आमचे ड्रायव्हर चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले. आम्ही लिंबाखाली दशम्या सोडल्या. चाचा परतल्यावर अक्काने त्यांच्यासाठी दशमी आणि चटणी काढली आणि डाव्या हाताने पुढे केली. चाचांनी घेतली नाही.

"सीधे हाथ से दो बेटी," ते म्हणाले. "खाना है."

अक्का घुटमळली. मग तिने पदराखालून उजवा हात काढला. चाचांनी त्या हाताकडे नीट पाहिलं, दशमी घेतली आणि तिथेच खाली बसून खाल्ली. आई दुसरीकडे बघू लागली.

पुढे पूर्णेच्या पात्रातून मोटार पार करताना आम्हाला उतरून गुडघाभर पाण्यातून चालावं लागलं. नंतर करोडगिरीचा, म्हणजे सरहद्दीवरच्या जकातीचा, नाका आला. तिथल्या शिपायाने आमची गाठोडी सोडून बघितली आणि जाऊ दिलं. नाक्यापलीकडे वऱ्हाड, इंग्रजांचा मुलूख. आमच्याकडे शाळा, कचेऱ्या सगळं उर्दूत. इथे मात्र एका गावात घरावर मराठीत पाटी होती. अक्काने मोठ्याने वाचलं, "मुलींची शाळा." ती कधी शाळेत गेली नव्हती; मला शाळेत घातलं तोवर तिचं शिकायचं वय निघून गेलं होतं. अप्पांनी घरी अक्षरं शिकवली होती आणि दुकानात पुडीच्या कागदावर छापलेलं जे येईल ते ती वाचायची.

लोणारचं तळं एखाद्या प्रचंड कढईच्या तळाशी असल्यासारखं आहे. शनिवारी सकाळी झाडीतून उतरत आम्ही पाण्यापाशी गेलो. पाणी हिरवं, उग्र वासाचं आणि साबणासारखं बुळबुळीत. आई तळ्याचा चिखल अक्काच्या हाताला लावत होती. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. सात-आठ मुलींना घेऊन आलेल्या एक बाई काठाच्या गाळात घसरल्या होत्या. सर्वांत जवळ अक्का होती. तिने धावत जाऊन उजव्या हाताने त्यांना ओढून काढलं.

त्या बाई म्हणजे वाटेत दिसलेल्या त्याच शाळेच्या मास्तरीणबाई. वर चढताना त्या अक्काचा हात धरूनच चालत होत्या. वर धार नावाच्या झऱ्याच्या गोड पाण्याने पाय धुतल्यावर त्यांनी विचारलं, "किती शिकलीस गं?"

"शाळेत न्हाई गेले. वाचता येतं."

बाईंनी एका मुलीचं पुस्तक घेऊन मध्येच उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. अक्काने अख्खं पान न अडखळता वाचलं.

"वर्षभर माझ्या घरी राहा," बाई म्हणाल्या. "माझ्या सासूबाई असतात सोबतीला. सातवीची परीक्षा दे, मग अमरावतीला ट्रेनिंग. आम्हाला शिकवायला बायका मिळत नाहीत."

बाई गेल्यावर अक्काने अप्पांना सरळ विचारलं, "अप्पा, मी जाऊ?"

आई चिडली. "हात बरा व्हावा म्हणून आणलंय तुला, घर सोडाया न्हाई."

"आणि न्हाई झाला बरा तर?"

अप्पा दगडी पायरीवर बसले. "परीक्षा लय अवघड असंल."

"असंल."

"नापास झालीस तर?"

"परत देईन."

अप्पा हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहत होते.

संक्रांत झाल्यावर ते तिला सोडून आले. आई महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. पहिल्या वर्षी अक्का खरोखरच गणितात नापास झाली, दुसऱ्या वर्षी पास झाली. ट्रेनिंग झाल्यावर तिला वऱ्हाडातल्याच एका खेड्यात नोकरी लागली. पुढे रझाकारांच्या धामधुमीत परभणी सोडायची वेळ आली, तेव्हा आम्ही नाका ओलांडून तिच्याच दोन खोल्यांत जाऊन राहिलो. कोड तोवर कोपरापर्यंत चढलं होतं. आईने त्याबद्दल एकदाही विचारलं नाही.

पोलीस ॲक्शननंतर आम्ही परतलो. मराठी शाळा निघू लागल्या आणि अक्का आमच्याच पेठेत मुलींना शिकवायला आली. पहिल्या दिवशी पाट्या कमी पडल्या. तिने अर्ध्या मुलींना अंगणात नेलं, माती सारखी केली आणि बोटाने अक्षरं गिरवायला लावली. आई दाराशी उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने तिने लुगडं सावरलं आणि मुलींच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली.