चिंचेखालचा दुसरा गियर

गाडी घ्यायची ठरली तेव्हा घरात प्रत्येकाची अट वेगळी होती. नवऱ्याला टर्बो इंजिन हवं होतं, आणि चारही चाकांना ताकद पोचवणारी गाडी हवी होती. गेलं वर्षभर तो जेवताना पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून असल्याच गाड्यांचे व्हिडिओ बघत होता. आमटीत मीठ आहे की नाही हेही त्याला कळेनासं झालं होतं. लेकीला काचेचं छप्पर हवं होतं. माझी अट एकच होती आणि ती ऐकली की शोरूममधली माणसं एकमेकांकडे बघायची. ज्या गाडीत माझ्या वडिलांना उलटी होणार नाही, ती गाडी मला हवी होती.

बाबा म्हणजे उभं आयुष्य जीप चालवलेला माणूस. कर्जत स्टेशनबाहेर ज्या प्रवासी जीप उभ्या असायच्या, त्यांतली एक त्यांची. कडाव, काशेळे आणि पुढे डोंगराच्या पायथ्याच्या वाड्या, हा त्यांचा रस्ता. पावसाळ्यात एसटी जिथे फिरकायची नाही तिथे बाबांची जीप जायची. तीन वर्षांपूर्वी ते मोरीत घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि उजव्या पायातला जोर गेला तो गेलाच. ब्रेक ज्या पायाने दाबायचा नेमका तोच पाय. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद म्हणून सांगितलं, तशी बाबांनी जीप विकून टाकली. मग ते पहिल्यांदाच दुसऱ्याच्या गाडीत बसले आणि त्यांच्या उतारवयात आम्हाला शोध लागला की बाबांना गाडी लागते.

आधी मला हसूच आलं. ज्या माणसाने अख्ख्या तालुक्याला वळणावळणांनी फिरवलं, तो माणूस रिक्षात नाकाला लिंबू लावून बसला होता. लिंबू झालं, आवळासुपारी झाली, आल्याचा तुकडा झाला, शेजारणीने सांगितलं म्हणून पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. डॉक्टरांच्या गोळीने फक्त झोप यायची, आणि झोपेतून उठून उलटी व्हायची. आगगाडीत त्यांना काही होत नसे. पण जिथे त्यांना जायचं होतं तिथे आगगाडी जात नव्हती.

त्यांना जायचं होतं माझ्या आत्याकडे. काशेळ्याच्या पुढे, रस्ता जिथे संपल्यासारखा होतो तिथे तिचं घर. बाबांची आई लवकर गेली म्हणून त्यांना कडेवर घेऊन वाढवलं ते या मोठ्या बहिणीने. जीप होती तोवर आठवडा कधी तिच्या घरच्या चहाशिवाय गेला नाही. बाबा पडल्याचं आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यापासून लपवलं, कारण तिचं हृदय आधीच कुरकुरत होतं. जीप विकल्याची बातमी मात्र कोणीतरी तिच्या कानावर घातलीच. भाऊ का येत नाही याचा अर्थ तिने तिच्या परीने लावला. फोन तिच्या कानाला लावला तर ती अक्षर बोलायची नाही, बहिणीला फोनवर भेटतात का म्हणून रुसायची. दिवाळीपासून ती अंथरुणाला खिळली, आणि तिच्या सुनेने, म्हणजे माझ्या वहिनीने मला सांगितलं की आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला एकच गोष्ट ऐकवते, "गाडी इकली तशी बहीन पन इकली त्यानं."

हे मी बाबांना सांगायला नको होतं, पण बोलून गेले. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "भाड्याची गाडी बोलव. जाऊन येतो." कडावच्या अलीकडेच गाडी थांबवावी लागली. बाबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते, सदरा खराब झाला होता, आणि मी त्यांच्या तोंडावर पाणी मारत होते. "नको गं आता," ते म्हणाले, "मागं फिरव." त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. कोणाचा ते कळेना, म्हणून मी ड्रायव्हरवर काढला.

तेव्हापासून नवऱ्याला घ्यायची होती ती गाडी माझीही झाली. पनवेलच्या शोरूममध्ये टाय लावलेल्या गृहस्थांनी आम्हाला एक पांढरीशुभ्र गाडी दाखवली. गियर बदलायचे नाहीत, क्लच नाही, सगळं आपोआप. चढ आला की कोणत्या चाकाला किती ताकद द्यायची ते गाडीच ठरवणार. "बसल्याचं कळणारसुद्धा नाही," ते म्हणाले. नवऱ्याचे डोळे पाणावायचे बाकी होते. गाडीने उड्डाणपुलाचं वळण घेतलं आणि बाबांनी माझा दंड घट्ट धरला. माहितीपत्रकं ज्या चकचकीत पिशवीत दिली होती, ती पिशवी वेळेवर कामाला आली. दुसऱ्या शोरूममध्ये मी आमची पिशवी घेऊनच गेले, आणि तिथलीही गाडी तशीच, गुळगुळीत आणि आपोआप.

घरी आल्यावर बाबा पलंगावर पडून होते. मी विचारलं, नक्की होतं तरी काय तुम्हाला?

"गाडी वाईट नाय गं," ते म्हणाले. "पन वळन कवा येनार, गियर कवा पडनार, ते माज्या हाताला कळत नाय. हाताला कळलं नाय का पोटात ढवळतं."

त्या वाक्यासरशी मला जीप आठवली, आणि ती अशी आठवली की सगळ्या वासांसकट. डिझेलचा वास, वाडीवरच्या बायका उतरताना मागे ठेवून जायच्या तो करवंदांचा वास, बाजाराच्या दिवशी सुक्या मासळीचा. माणसं आत, टपावर, मागच्या फळीवर. एकदा एक कोंबडी बाबांच्या खांद्यावर बसून काशेळ्यापर्यंत आली होती, आणि तिचं भाडं मागू का म्हणून बाबांनी सगळ्या गाडीला हसवलं होतं. पुढच्या बाकावर बाबांच्या डाव्या हाताला मी. माझी जागा म्हणजे खरं तर जागाच नव्हे. गियरचा दांडा बरोबर माझ्या गुडघ्यांच्या मध्ये यायचा. त्याच्या शेजारी एक छोटा दांडा होता, चिखलात पुढची चाकं जोडायचा, त्याला बाबा धाकटा म्हणायचे. गियर टाकताना दर वेळी माझा गुडघा आडवा यायचा, तेव्हा बाबांनी वैतागून मला ते कामच देऊन टाकलं.

ते क्लच दाबायचे आणि म्हणायचे, "टाक." मी दोन्ही हातांनी दांडा ओढायचे. सुरुवातीला त्यांचा हात माझ्या हातावर असायचा, मग कधीतरी तो नसायला लागला, आणि हे मला कळलं तेव्हा जीप तिसऱ्यात गेलेलीही होती. इतका अभिमान मला पुढे दहावीच्या निकालाचाही वाटला नाही. कधी घाई व्हायची, आतून कर्रकन आवाज यायचा आणि गाडीतल्या म्हाताऱ्या माझ्या नावाने बोटं मोडायच्या. बाबा रागावायचे नाहीत. म्हणायचे, "ढकलू नको गं. तिला विचारून टाक."

आत्याच्या घराखाली चिंचेचं झाड आहे आणि तिथून चढ सुरू होतो. झाडाच्या सावलीत शिरलं की दुसरा गियर, हा आमचा नियम. अलीकडे टाकला तर गाडी उगाच बोंबलायची, पलीकडे टाकला तर दम तोडायची. चिंचेखाली गाडीचा आवाज बदलला की वर चुलीवर आधण चढायचं. आम्ही अंगणात पोचेपर्यंत आत्या कप घेऊन उभी असायची, आणि मला वाटायचं की जगातल्या सगळ्यांच्या आत्यांकडे चहा असाच आपोआप तयार असतो.

तिसरी गाडी आम्ही बघायला गेलोच नाही, ती आमच्याकडे आली. महामार्गावर कुंभिवलीजवळ एक नवीन शोरूम झालं होतं, तिथल्या मुलीने गाडी स्वतः चालवत कर्जतला आमच्या दारात आणली. टर्बो होतं, चारही चाकांची सोय होती, नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. मुलगी मात्र ओशाळून म्हणाली, "मॅडम, ऑटोमॅटिकची गाडी आज रिकामी नव्हती. ही साधी गियरची आहे. तुम्हाला नुसता अंदाज येईल." मी खिडकीतून आत बघितलं. दोन सीटच्या मध्ये गियरचा दांडा उभा होता.

बाबांनीही बघितला. "धाकटा कुठं गेला?" त्यांनी विचारलं. मुलीने त्यांना एक गोल बटण दाखवलं, ते फिरवलं की चारही चाकं कामाला लागतात म्हणाली. बाबांनी ते फिरवून बघितलं, दोनदा, आणि फारसे खूश न होता पुढे डावीकडे बसले. मी चालवायला बसले. नवरा आणि ती मुलगी मागे, मुलीच्या मांडीवर आमची पिशवी.

चौक गावच्या रस्त्याला पहिलं वळण दिसलं तसे बाबा गप्प झाले. त्यांचा हा गप्पपणा मला आता पाठ झाला होता, त्यानंतर दंड धरला जायचा. मी गियर बदलायला हात खाली नेला तर तिथे त्यांचा हात आधीच होता. उजवा हात. आयुष्यभर गियर टाकला तो डाव्या हाताने, पण आता ते दुसऱ्या बाजूला बसले होते. मी हात परत स्टिअरिंगवर ठेवला, क्लच दाबला आणि म्हटलं, "टाका."

कर्रकन आवाज आला. मागून नवरा म्हणाला, "अगं, हे काय चाललंय?"

"विचारून टाका, बाबा," मी म्हटलं.

पुढचा गियर लोण्यात सुरी जावी तसा पडला. मग बाबा स्वतःच बोलायला लागले. आता सोड, आता दाब, पुढं खड्डा हाय, टेंपोला जाऊ दे, तिसरा टाकतो. मागची मुलगी आधी घाबरून पुढच्या सीटला धरून बसली होती, नंतर तिने पिशवी घडी करून बाजूला ठेवली. आम्ही चौकला जाऊन वळून परत आलो. दारात उतरल्यावर बाबांनी विचारलं, आज जेवायला काय आहे. मी नवऱ्याला म्हटलं की गाडी हीच. त्याने आपोआप गियरचं स्वप्न तिथेच आमच्या फाटकाजवळ सोडून दिलं. भला माणूस आहे. तरी चारही चाकांबद्दल अजून येईल त्याला सांगतो, म्हणजे त्याचंही काही अगदीच वाया गेलेलं नाही.

गाडी घरी आली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली. बाबांनी उरलेलं एक लिंबू उचलून खिशात टाकलं, असू दे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच निघालो. जिथे ते दगडावर बसले होते ती जागा कडावच्या अलीकडे आली आणि गेली, दोघांनीही तिकडे बघितलं नाही. काशेळ्यानंतर रस्ता उखडलेला होता. बाबांनी गोल बटण फिरवलं, चारही चाकं लागली आणि गाडी चिखलातून मुकाट निघाली. जीपमधून मी हाच रस्ता बघायचे तेव्हा नाक काचेच्या खालच्या कडेला यायचं. आता सगळं दिसत होतं, आणि मला ते खालूनच बघावंसं वाटत होतं.

चिंचेच्या सावलीत शिरताना समोर एक वासरू आलं. माझा उजवा पाय ब्रेकवर गेला, डावा क्लचवर जायला जरा उशीर झाला. बाबांचा हात दांड्यावर थांबून होता. मग मी क्लच दाबला, त्यांनी दुसरा टाकला आणि आम्ही वर चढलो.

वहिनी दारात उभी होती, हातात चहाचं आधण ढवळलेला चमचा तसाच. आम्ही येणार हे आम्ही कोणालाच कळवलं नव्हतं, कारण पोचू याची आमची आम्हालाच खात्री नव्हती. "खाली गाडीचा आवाज बदलला," वहिनी म्हणाली, "तशा झोपल्या झोपल्या मला बोलल्या, चा ठेव गं, माजा भाव आला. मी बोलली, आत्याबाई, जीप कवाच इकली. तर बोलल्या, तू चा ठेव."

बाबा काठी टेकत आत गेले. आत्या खिडकीजवळच्या खाटेवर होती, अर्धी झालेली. तिने काठी बघितली नाही, निदान बघितल्याचं दाखवलं नाही. तोंड भिंतीकडेच ठेवून ती म्हणाली, "दुसरा उशिरा टाकलास रं आज."

बाबा खाटेच्या कडेला बसले. तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"पाय माजा नवता ना, बाय," ते म्हणाले. "पाय पोरीचा व्हता."

आत्याने तोंड फिरवलं. आधी तिने काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सावकाश हात सोडवून घेतला आणि तो बाबांच्या उजव्या मांडीवर ठेवला, आणि लहान मूल पडून उठल्यावर चाचपतात तसं ती चाचपत राहिली. मी बाहेर अंगणात येऊन रडले. आतून वहिनीने हाक मारली तेव्हा चहा निवत आला होता.