तिसऱ्या गिअरची स्प्रिंग

दामूभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या पुतण्यानं केला. तेव्हा मी "कसे गेले?" असं विचारलं नाही. "कोणत्या गाडीत होते?" असं विचारलं. तो गोंधळला. "गाडीत नाई जी मास्तर. बसनं मुलचेऱ्याले गेले होते, एकाच्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स पाहाले. चहा पेता पेता छातीत दुखलं म्हणे, अन् तिथीच..." तिकडे तो रडत होता आणि इकडे मी भिंतीला टेकून सुटकेचा श्वास सोडत होतो. लाल गाडी नव्हती! त्या श्वासाची लाज मला आज सहा आठवड्यांनंतरही वाटते. पण तो कुठून आला, हे सांगितल्याशिवाय दामूभाऊंबद्दल मला खरं काही लिहिता यायचं नाही.

चंद्रपुरात कोळशाच्या ट्रकांचे गिअरबॉक्स खोलण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. मी आयटीआयमध्ये फिटरचा मास्तर. निवृत्तीनंतर घरात बायकोला माझी अडचण व्हायला लागली, तसा मी त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसू लागलो, आणि बसता बसता हात काळे करू लागलो. त्यांच्या दोन सवयी होत्या. गाडीतून निघालेला खराब भाग ते भिंतीवरच्या तारेला टांगायचे, म्हणजे चुकून पुन्हा कुणी बसवू नये. त्याला चिठ्ठी बांधायची : गाडी कोणती, भाग कोणता आणि चूक कोणाची. स्वतःचं नाव लिहायची पाळी त्यांच्यावर आलेली मी कधी पाहिली नव्हती. दुसरी सवय ट्रायलची. "ज्यानं डबा बंद केला, त्यानं बाजूले बसाचं. मंग हात हलका नाई चालत," असं म्हणून ते स्वतः स्टिअरिंगवर बसायचे. डबा म्हणजे गिअरबॉक्स. मी आधीच भित्रा माणूस, बायको तर मला पाण्यालाही भिणारा म्हणते. त्या बाजूच्या सीटवर बसताना मी मनातल्या मनात सगळ्या देवांना कामाला लावायचो.

लाल गाडी एका डॉक्टरांच्या वडिलांची. विलायती, दोन सिटांची, वरून उघडी, कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडलेली. ती पाहून दामूभाऊ लग्नातल्या करवलीसारखे खूश झाले होते. आम्ही डबा पूर्ण खोलला, बेअरिंगं बदलली, घासलेले दाते बदलले. वरचं झाकण बसवायचं काम माझ्याकडे होतं. टाकलेला गिअर जागेवर राहावा म्हणून त्या झाकणात प्रत्येक दांड्यावर एक पोलादी गोळी असते आणि गोळीला वरून दाबणारी बोटाच्या पेराएवढी स्प्रिंग. तिसऱ्या गिअरची स्प्रिंग माझ्या पकडीतून उडाली ती भंगाराच्या ढिगात गडप झाली. दामूभाऊ जेवायला गेले होते. मी सुट्या भागांच्या पेटीतून ट्रकची एक जुनी स्प्रिंग काढली, ती लांब होती, म्हणून पकडीनं कापली आणि बसवून टाकली. स्प्रिंग कापायची नसते, तिचा जोर जातो, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. पण विलायती गाडीचा भाग हरवला म्हणून दामूभाऊ काय बोलतील या विचारानं माझी पाचावर धारण बसली होती.

पहिल्याच ट्रायलला तिसरा गिअर सुटला. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की लिव्हर आपोआप न्यूट्रलमध्ये. दामूभाऊंनी जवळजवळ महिनाभर शोध घेतला. डब्याखालचं रबर बदललं, लिव्हरचा सांधा पाहिला, शाफ्ट मागेपुढे हलतो का ते तपासलं, लांब पेचकसाची मूठ कानाला लावून आवाज ऐकला. झाकणाकडे तेवढे गेले नाहीत. ते मास्तरनं बसवलं होतं ना! रोज सकाळी मी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि रोज त्यांनी चहाचा कप पुढे केला की मी कप घेऊन दुसरंच काहीतरी बोलायचो. जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं.

मग ते म्हणाले, "इथी उतार नाई. धानोऱ्याकडं नेऊ. लंब्या उतारावर बिमारी बरोबर सापडते." मोहफुलांचे दिवस होते. सकाळी सातची वेळ, दोन्ही बाजूला जंगल. त्या उतारावरून आम्ही चारदा खाली आलो, ब्रेक तापले होते. पाचव्यांदा ते म्हणाले, "मास्तर, लिव्हर हातानं दाबून धरा. मी पाय काढतो." मी उजवा तळहात लिव्हरवर घट्ट दाबला. आत काहीतरी कापत होतं, आणि काय कापतंय ते त्या गाडीत फक्त मला ठाऊक होतं. वळण संपलं तर समोर रस्त्यात पाच-सहा बाया, डोक्यावर मोहाच्या टोपल्या. दामूभाऊंनी पाय काढला. लिव्हर माझ्या हाताला झिडकारून सुटली. गाडी मोकळी धावायला लागली, ब्रेकचं पेडल खालीच बसलं. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. दामूभाऊंनी हॅण्डब्रेक ओढत गाडी डावीकडे मातीत घातली. एका बाईची टोपली उलटली, फुलं रस्ताभर झाली. कुणाला काही लागलं नाही. ती बाई आमच्याकडे बघत उभी राहिली, आणि तिचे ते डोळे मला अजून दिसतात.

दामूभाऊ गाडीकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. "काऊन एवढे भेऊन राह्यले जी?"

"मराचो ना भाऊ!" मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.

त्यांनी खाली वाकून त्या बाईची फुलं वेचून दिली. दुसऱ्या दिवशी मला गॅस्केट आणायला बाजारात पाठवलं. मी येईतो डबा पुन्हा जागेवर, झाकण बंद. "गॅस्केट होतं घरात," ते म्हणाले. "आता मी बंद केला. मी बाजूले बसतो, तुमी चालवा. तोच उतार." उद्या जाऊ म्हणालो. असे आठ उद्या झाले. ते हसायचे, आग्रह करायचे नाहीत... आणि नवव्या दिवशी ते मुलचेऱ्याच्या बसमध्ये बसले.

तेरवीनंतर त्यांच्या पत्नी शकुनबाईंनी मला हत्यारं लावून द्यायला बोलावलं. शेडमध्ये लाल गाडी तशीच होती. तारेवर शेवटच्या टोकाला एक कापलेली स्प्रिंग लटकत होती. पकडीची खूण मी लगेच ओळखली. चिठ्ठी उलटी करायला माझी बोटं धजेनात. शेवटी केली. दामूभाऊंच्या वाकड्या अक्षरात होतं : लाल गाडी, तिसरा गिअर, चूक – दामू.

मी तिथेच खाली बसलो आणि शकुनबाईंना सगळं सांगितलं. मोहवाल्या बायांचंही. त्यांनी ती चिठ्ठी हातात धरून वाचली. मग म्हणाल्या, "त्यायचं बसाचं राह्यलं ना? मी बसतो बाजूले. चालवा तुमी."

धानोऱ्याच्या त्या उतारावर मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली. शकुनबाई पदर खोचून समोर बघत होत्या, त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. तेच वळण आलं. रस्ता रिकामा होता. मी पाय काढला. इंजिन गुरगुरलं, गाडी मंद झाली, आणि गिअर जागच्या जागी राहिला. उतार संपला तरी माझा डावा हात लिव्हर सोडायला तयार नव्हता. शकुनबाईंनीच हळूच एकेक बोट सोडवलं.

गाडी आता डॉक्टरांकडे गेली. शेडची एक चावी शकुनबाईंनी माझ्याकडे ठेवली आहे. परवा मी पेन्सिल घेऊन गेलो आणि त्या चिठ्ठीवर खाली माझं नाव लिहिलं. वरचं नाव खोडायचं ठरवून गेलो होतो. पेन्सिल दोनदा टेकवली... नाही जमलं. स्प्रिंग तारेवर तशीच आहे, दोघांची नावं घेऊन.