सव्वानऊची बस

फुटबॉलचं नाव काढलं की हल्ली माझं डोकं उठतं. पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. मी नल्लकुंट्यात ब्लाउज शिवते, गिऱ्हाइकांची बोलणी खाते, आणि माझं बरं चाललं होतं. पण माझ्या शेजारच्या घरात गंगूताई राहतात, आणि त्यांच्या घरातलं काहीही माझ्या घरात आल्याशिवाय राहत नाही.

गंगूताई मूळच्या उदगीरकडच्या. लग्न होऊन हैद्राबादेत आल्या तेव्हा मराठीखेरीज एक शब्द येत नव्हता. आता भाजीवालीशी तेलुगूत भांडतात, ऑटोवाल्याशी दखनीत आणि देवाशी मराठीत. नवरा एका छापखान्यात होता, तो लवकर गेला. मग त्यांनी कॉलेजच्या पोरांना डबे घालून एकुलत्या एका लेकीला, तेजश्रीला, शिकवलं. आता डबे होत नाहीत, गुडघे गेले. पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या कम्प्युटरवाल्या बायकांना पोळी अगदी आईच्या हातची लागते आणि पैसे देताना मात्र त्यांना महागाई आठवते. गंगूताई त्यांना काही बोलत नाहीत. त्यांच्या वाटचं मीच बोलते, म्हणून त्या बायका मी असले की दारातूनच डबा घेऊन पळतात.

तेजश्री कुकटपल्लीला दिली. जावई हर्षद, पुण्याचा, कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब. नवरा-बायको दोघंही कामाला, त्यामुळे त्यांचा मुलगा अमेय लहानाचा मोठा झाला तो इथं, गंगूताईंच्या दोन खोल्यांत. त्याला सकाळी मैदानावर न्यायच्या त्याच. पोरगं चेंडूमागं धावायचं आणि ही बाई मैदानाच्या कट्ट्यावर भिजवलेले शेंगदाणे घेऊन बसायची. बसून बसून तिला सगळा खेळ पाठ झाला. ऑफसाइड म्हणजे काय ते मला त्यांनी एकदा ओट्यावर चार पोळ्या मांडून समजावलं होतं. मला तरीही कळलं नाही, आणि त्यातली एक पोळी मी खाल्ली म्हणून त्या चिडल्या.

तर असा हा अमेय मोठा झाला आणि इथल्या फुटबॉल क्लबात लागला. खरा क्लब, टीव्हीवर दिसणारा. त्या दिवशी गंगूताईंनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. त्यांना आता एकच गोष्ट हवी होती. त्या मोठ्या स्टेडियममध्ये बसून, इतक्या लोकांसमोर नातवाला खेळताना बघायचं. बाकी आयुष्यात त्यांनी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे? खेळाडूच्या घरच्यांना क्लब पास देतो. पास होते, जावयाची गाडी होती, आणि जावयानं विचारलंही. पण गंगूताई लेकीच्या घरचं घेत नाहीत. आमच्यात जुन्या लोकांत ही रीत होती, लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. नातू झाला की ती सुटते, असं सगळेच धरतात. गंगूताईंच्या माहेरी ती सुटत नसे. त्यांचे वडील वारेपर्यंत या घरी आले की येताना स्वतःचा तांब्या घेऊन येत. आणि नातवाची कमाई म्हणजे जावयाच्याच घरची कमाई, असा त्यांचा हिशोब. मी म्हटलं, अहो ताई, ज्या पोराला तुम्ही तेरा वर्षं जेवू घातलं त्याचा एक पास घेतला तर कुठला देव कोपणार आहे? तर म्हणाल्या, देणं वेगळं आणि घेणं वेगळं. हर्षदरावांनी दोनदा विचारलं. निघालेल्या पाहुण्याला चहा घेणार का म्हणतात ना, तसं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मग गंगूताईंनी स्वतःच्या पैशानं सीझनचा पास काढला. पहिल्या वर्षी तो होता नऊशेचा, सगळ्यात स्वस्त स्टँडचा. त्या वर्षी अमेय बाकावरच बसून राहिला. दुसऱ्या वर्षी क्लबानं त्याच खुर्चीचे अडीच हजार केले. खुर्चीला सोन्याचा मुलामा दिला होता का? तीच प्लॅस्टिकची खुर्ची, तीच चिमण्यांची घाण. वर मोबाइलवर गोडगोड मेसेज, तुम्ही आमचं कुटुंब आहात, अमुक तारखेच्या आत पैसे भरा, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला जाईल. मीच तो वाचून दाखवला आणि वाचता वाचता मला शिव्या आल्या. गंगूताई म्हणाल्या, जागा सोडून चालणार नाही, अमेयला ती खुर्ची ठाऊक आहे, मैदानात येतो तेव्हा आधी तिकडे बघून हात करतो. दसऱ्याला त्यांनी नेहमीपेक्षा दुप्पट पोळ्या लाटल्या आणि पैसे भरले.

पास झाला, पण पासावर बसून काही गच्चीबावलीला जाता येत नाही. नल्लकुंटा कुठं आणि गच्चीबावली कुठं. जाताना ठीक होतं. बायकांना बस फुकट आहे, आधार दाखवायचं, शून्याचं तिकीट घ्यायचं, दीड तास लोंबकळत जायचं. येताना खरी परेशानी. मॅच सुरू होणार साडेसातला, संपणार साडेनऊला. आणि तिथून आमच्याकडे येणारी शेवटची सरळ बस सव्वानऊची. मेट्रो आहे, पण स्टेशनापर्यंत चालत जायचे गुडघे कुठून आणायचे? आणि ऑटोवाले मॅचच्या दिवशी बघायचे. एरवी स्टेशनापर्यंत साठ रुपयांत नेणारा माणूस तोंड फिरवून म्हणतो, "तीन सौ होते अम्मा, मॅच है आज." मोबाइलवरच्या टॅक्सीचा आकडा तर बघवत नव्हता. एकेका मॅचला इतके पैसे जाणार असतील तर महिन्याचा किराणा मैदानावरच पसरून यावा.

म्हणून गंगूताईंनी आपला मार्ग काढला. मॅच संपायला अर्धा तास राहिला की उठायचं, हळूहळू चालत बसस्टॉप गाठायचा आणि सव्वानऊची बस पकडायची.

आणि या वर्षी कोचनं अमेयला उतरवायला सुरुवात केली. कधी? शेवटच्या पंधरा मिनिटांत. दमलेल्या पोराला बाहेर काढायचं आणि ताज्या पोराला आत सोडायचं, असा त्यांचा रिवाज. म्हणजे गंगूताई रस्त्यावर आणि नातू मैदानात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्या स्टॉपवर उभ्या होत्या. मागून स्पीकरवर अमेयचं नाव ऐकू आलं, लोकांचा गलका ऐकू आला, आणि समोरून बस आली. त्या बसमध्ये चढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर त्यांनी तो तुकडा चारचारदा बघितला आणि म्हणाल्या, बघ, उजवा पाय मी सांगितला तसाच टाकतो. मला इतका राग आला की सुई बोटात गेली.

असं पुढच्याही मॅचला झालं, आणि त्याच्या पुढच्याही. मग एका रविवारी अमेय आजीकडे जेवायला आला. मी तिथंच होते, भाजी निवडत. पोरगं आधी नुसतं वरणभात कालवत बसलं. मग ताटाकडे बघतच म्हणालं, "आजी, मी मैदानात उतरतो तेव्हा तुझी खुर्ची रिकामी असते. दर वेळी. तुला माझा खेळ बघवत नाही का?"

मला वाटलं, आता सांगतील. कुठलं काय. त्याच्या ताटात भात वाढत म्हणाल्या, झोप येते रे, म्हातारी झाले मी. त्यानं मान हलवली. नंतर मला म्हणाला, येतो मावशी, आणि गेला. त्याच्या ताटातला भात तसाच होता.

तो गेल्यावर मी गंगूताईंना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. म्हटलं, मी आत्ता त्याला फोन लावते. तर त्यांनी माझा हात धरून शपथ घातली. म्हणाल्या, कळलं तर तो बापाची गाडी पाठवील, नाहीतर स्वतःचे पैसे काढून देईल. माझ्या बापानं पाणी घेतलं नाही, मी गाडी घेऊ? म्हटलं, नका घेऊ गाडी, बसा रीत कवटाळून. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग मलाच वाईट वाटलं.

सीझनची इथली शेवटची मॅच राहिली होती. गंगूताई स्वतःच म्हणाल्या, या वेळी पुरी बघायची. गुडघ्याच्या पट्ट्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले आणि बरकतपुऱ्याच्या कुलदीपचा ऑटो ठरवला. कुलदीप शीख आहे, पण चार पिढ्या इथं, बोलतो आपली दखनीच. जायचं, थांबायचं आणि परत आणायचं, आठशे रुपये. त्यातले निम्मे मी देते म्हटलं तर नक्को म्हणाल्या, तू तुझं तिकीट काढलंस तेवढं पुरे. हो, मीही गेले. ही बाई एवढं करून जाते, तर म्हटलं बघू तरी काय सोनं सांडलंय तिथं.

मॅच सुरू होण्याआधी पोरं मैदानात आली. गंगूताई दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. अमेय इतरांबरोबर पळत पळत समोरच्या भारी स्टँडकडे गेला, जिथं त्याचे आईबाप बसतात. मी म्हटलं, गडबडीत असेल. त्या म्हणाल्या, हो, गडबडीत असेल.

नेहमीची उठायची वेळ आली आणि गेली. गंगूताईंनी पदर खोचला आणि खुर्ची घट्ट धरून बसल्या. थोड्या वेळानं स्पीकरवर अमेयचं नाव झालं आणि तो आत आला. नेमका आमच्याच बाजूच्या रेषेवर. इतका जवळ, की त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. गंगूताई उठून त्याला हाका मारायला लागल्या. शेजारी पोरं ढोल बडवत होती, त्यात त्यांचा आवाज मलाच ऐकू येईना. अमेयनं दोनदा चेंडू पळवत नेला, एकदा तर समोरच्याला असा चकवला की सगळा स्टँड उभा राहिला. गंगूताई रडत होत्या आणि हसत होत्या. त्यानं आमच्याकडे एकदाही बघितलं नाही. मॅच संपली, सगळी टीम मैदानाला फेरी घालायला निघाली. आमच्या पुढून जाताना बाकीच्यांनी हात हलवले. अमेय बुटांकडे बघत चालत राहिला आणि पलीकडे पोचल्यावर त्यानं मान वर केली.

आम्ही ऑटोत बसलो. कुलदीपनं विचारलं, पोरगा कसा खेळला. गंगूताई म्हणाल्या, बहोत अच्छा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजश्रीचा फोन आला. गंगूताईंचे हात पुरणाचे, म्हणून मीच फोन उचलून स्पीकरवर टाकला. ती चिडलेलीच होती. म्हणाली, "आई, काल शेवटची मॅच होती, काल तरी थांबायचं होतंस. तो म्हणाला, मी आता त्या बाजूला बघायचंच सोडलंय, उगाच खेळताना मन मोडतं."

मी तोंड उघडलं. गंगूताईंनी पुरणाच्या हातानं माझं मनगट पकडलं, इतकं जोरात की बांगडी रुतली.

"हो गं," त्या फोनला म्हणाल्या, "नाहीच थांबता आलं काल."

फोन बंद झाल्यावर मी ओरडले. म्हटलं, होतात ना तुम्ही तिथं, घसा फुटेस्तोवर ओरडत होतात ना? का सांगितलं नाहीत? त्यांनी आधी पुरणाचा गोळा नीट केला, पोळीत भरला, कडा दाबल्या. मग म्हणाल्या, आजी समोर उभी होती आणि आपण मान वळवून गेलो, हे त्याला कळलं तर पोरगं आयुष्यभर स्वतःला खात बसेल. त्यापेक्षा मी निघून गेले होते, तेच बरं.

तेवढ्यात माझ्या मोबाइलवर क्लबचा मेसेज आला. पुढच्या सीझनचा पास आत्ताच घ्या, म्हणे, नंतर भाव वाढतील. मी तो त्यांना वाचून दाखवला.

गंगूताईंनी पोळी तव्यावर टाकली. "नको सुनंदा," त्या म्हणाल्या. "त्याला रिकामीच दिसायची असेल, तर ती खुर्ची विकत कशाला घ्यायची?"