नीलिमाची माणसं विनित्सियाला

नीलिमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एम. पी. नगरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून घेत बसले होते. तिचा मुलगा मंदार एवढंच म्हणाला, "मावशी, आई नहीं रही." समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत मी म्हटलं, काहीतरीच काय, परवाच तर भांडलो आम्ही! हृदयाने दगा दिला होता. महिना होत आला, आणि मला अजून तिचा रागच येतो. इतकी घाई करायची सवय होतीच तिला...

ती माझी चुलत बहीण. काका इंजिनीअरिंग शिकायला खारकिव्हला गेले आणि येताना बायको घेऊन आले. हान्नाकाकू. घरात तिची हेमा झाली, नऊवारीसुद्धा नेसली. पण नीलिमा शाळेत असतानाच ती वारली आणि तिकडचा धागा तुटला. साठी उलटल्यावर नीलिमाने तो शोधायचं मनावर घेतलं. साकेत नगरात तिच्या वरच्या मजल्यावर राहणारी डॉक्टर विनित्सियाला शिकलेली. काकूचं माहेरही तिथलंच. डॉक्टरने काकूचा फोटो त्या भागातल्या लोकांच्या एका ग्रुपवर टाकला आणि काकूची धाकटी बहीण सापडली. स्तेफामावशी, ऐंशीच्या पुढची, त्याच गावात.

झालं! बाई निघाल्या. मी ओरडले, "अगं, तिथून लोक पळून येतायत आणि तू चाललीस?" ती म्हणाली, "देख, लढाई संपायची वाट बघू, की मावशी संपायची?" व्हिसा एकदा नाकारला, तिने पुन्हा अर्ज केला. शेवटी तिला एकटीला सोडवेना म्हणून कुरकुरत मीही गेले. पोलंडपर्यंत विमान, पुढे रेल्वे. फलाटावर मावशीने नीलिमाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. आम्ही तिघी भर गर्दीत मोठ्याने रडलो.

ईस्टरनंतरचा रविवार होता. तिथे त्या दिवशी सगळं गाव कबरस्तानात जातं. मावशीने आजीच्या कबरीशी भरतकामाचं कापड अंथरलं, पाव, रंगवलेली अंडी, लोणच्याच्या काकड्या मांडल्या आणि आम्हाला बसायची खूण केली. नीलिमा दोन पावलं मागे सरकली. "आम्ही स्मशानात पाणीसुद्धा पीत नाही," ती म्हणाली. वरच्या मजल्यावरची डॉक्टरबाई फोनवरून दुभाष्याचं काम करत होती, तिने ते तसंच सांगितलं. मावशीचा चेहरा पडला. दूर कुठेतरी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, तरी ती पाव कापतच राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तिकडे हान्नाबरोबर कुणीच जेवत नाही?"

इतक्या वर्षांत काकूला असं कुणी भेटायला गेलं नव्हतं. आमच्यात जातही नाहीत. नीलिमा खाली बसली. रडत रडत जेवली, आईच्या वाटणीचंही जेवली, आणि निघताना मावशीला म्हणाली, "आता मी जेवीन तिच्याबरोबर." ते करायला तिला वेळ मिळाला नाही.

नीलिमाचं तेरावं झाल्यावर स्तेफामावशीचा फोन आला. ती फार रडली नाही. एकच विचारलं, "आता त्या दोघींबरोबर कोण बसणार?"

मी भाजी-पोळीचा डबा भरला आणि मंदारला घेऊन भदभद्याच्या विश्रामघाटावर, नीलिमाला अग्नी दिला त्या स्मशानात गेले. काकूलाही इथेच आणलं होतं. कडुनिंबाखाली मी चादर अंथरली तसा तो कावराबावरा झाला. "मावशी, यहाँ? लोग क्या कहेंगे?"

"कहने दे. बस खाली."

बसला. आईला अग्नी दिला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, मला त्याचीच धास्ती वाटत होती. पहिला घास तोंडात घातला आणि पोरगा हमसून हमसून रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. मग दुसरी पोळी वाढली.