गल्लीच्या तोंडचा थांबा

गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटरबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजात उभी हयात गेलेली. निवृत्त झाल्या, केस पांढरे झाले, पण आवाज तसाच राहिला: गोड, ठाम आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा न ठेवणारा. त्यामुळे गल्लीचं काहीही अडलं की लोक त्यांचंच दार वाजवत. गटार तुंबलं, बाई बोलतील. रस्त्यावरचा दिवा गेला, बाई बोलतील. शेजारचे वकील स्वतः काळा कोट घालून हिंडायचे, पण पालिकेत जायची वेळ आली की तेही बाईंना पुढे घालायचे. बाईंना ते आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

घरात माणसं दोनच, बाई आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा दूरच्या शहरात होता. सासूबाईंचं सगळं करायला मावशी यायच्या. मावशी पन्नाशी उलटलेल्या, अंगाने काडी, पण हाताला मोठी ताकद. म्हातारीला कुशीवर वळवताना असा काही हात घालायच्या की तिला कळायचंही नाही. सासूबाई सुनेला जुमानत नसत, पण मावशींनी नुसते डोळे वटारले की औषध गपकन पोटात. शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून त्या येत. गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याचा चढ संपतो तिथे, बसचा एक गंजका खांब होता, तिथे उतरलं की बाईंचं घर हाकेच्या अंतरावर.

तर झालं असं, की पालिकेने तो खांब काढून तिथे नीट थांबा बांधायचं ठरवलं. वर छप्पर, बसायला बाकं आणि शेजारी बायका-पुरुषांसाठी स्वच्छतागृह. नेमकं त्याच सुमारास बाईंनी घर विकून मुलाजवळ जायचं मनावर घेतलं होतं. घरं दाखवणारा दलाल हॉलच्या खिडकीत उभा राहिला, बाहेर बघून त्याने तोंड वाकडं केलं.

“ताई, खरं सांगू? या खिडकीतून संडास दिसायला लागला की गिऱ्हाईक चहासुद्धा घेणार नाही. जिन्यावरूनच परत. तुमचाच नाही, अख्ख्या गल्लीचा भाव बसेल.”

हा ‘अख्ख्या गल्लीचा’ शब्द बाईंना फार सोयीचा वाटला. स्वतःच्या घरासाठी भांडायला त्यांना थोडं अवघडल्यासारखं झालं असतं; गल्लीसाठी कसला संकोच? घरोघरी जाऊन त्यांनी माणसं उठवली. घाण होईल, गर्दी होईल, कोण कुठला येऊन बसेल. जे जे बोलायचं ते सगळं त्यांनी त्या गोड आवाजात बोलून घेतलं.

पालिकेत सुनावणी झाली. अधिकारी थकलेला माणूस होता, डोळे चोळत ऐकत होता. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्याने साधा प्रश्न टाकला, “तुमच्यापैकी बसने कोण जातं?”

जमलेल्यांत प्रत्येकाच्या दाराशी गाडी नाहीतर स्कूटर. वकील टेबलाकडे बघू लागले.

पण बाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. असा प्रश्न येणार हे ओळखून त्यांनी मावशींना मुद्दाम बरोबर आणलं होतं. वाटेत गाडीत सांगूनही ठेवलं होतं, “काही नाही हो मावशी, विचारलंच तर एवढंच म्हणायचं, की थांबा थोडा खाली गेला तरी चालेल.” आता त्यांनी मावशींच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे केलं.

“या रोज बसने येतात. सांगा ना मावशी. उताराखाली थांबा केला तर तुम्हाला त्रास होईल?”

मावशींनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा अधिकाऱ्याकडे. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, “चालायची सवय आहे मला.”

मागे कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मावशी गोंधळून हसल्या. परतताना बाईंनी त्यांना सांगितलं, “काय छान बोललात!” त्या क्षणी बाईंना खरंच तसं वाटलं होतं.

छप्पर, बाकं आणि स्वच्छतागृह गेलं पलीकडच्या वस्तीत. जुना खांबही उपटून उताराच्या पायथ्याशी, गोदामाच्या लांबलचक भिंतीपाशी रोवला. मावशींना आता तो सगळा चढ चढून यावं लागे. त्या दारात यायच्या त्या धापा टाकतच, आणि आधी न बोलता न्हाणीघरात जायच्या. कधीतरी बाईंच्या लक्षात आलं, की सकाळचा चहा पुढे केला की मावशी “नको, नंतर” म्हणतात. निघायच्या वेळी पाणी दिलं तरी ओठ ओले करून पेला खाली ठेवतात. बाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर काय येईल हे आतून ठाऊक होतं.

मग ती दुपार आली. मावशी डॉक्टरकडे जाऊन उशिरा येणार होत्या, म्हणून बाईंनी सासूबाईंजवळ शेजारणीला बसवलं होतं आणि त्या बाजारात गेल्या होत्या. दलालाने तिथूनच त्यांना गाडीत घेतलं. मागे घर बघायला निघालेलं एक तरुण जोडपं होतं. मुलगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, चांगली बोलकी. गाडी गोदामाच्या भिंतीपाशी आली आणि समोर ट्रक अडकल्यामुळे अगदी मुंगीच्या पावलाने पुढे सरकू लागली.

भिंतीला टेकून मावशी उभ्या होत्या. एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हाताने पिशवी पोटाशी गच्च धरलेली. पण पिशवी काय काय झाकणार? कपडे खालपर्यंत ओले झाले होते, चपलेखालची फरशीही ओली होती. माणसं बाजूने वळसा घालून जात होती.

“अहो, त्या बाईंना काही होतंय का?” मागची मुलगी म्हणाली. “थांबू या का?”

काच खाली होती. मावशींनी मान वर केली आणि त्यांची व बाईंची नजरानजर झाली.

बाईंनी चेहरा समोर वळवला. “असेल कोणीतरी,” त्या म्हणाल्या. “चला, पुढचं वळण अवघड आहे, जरा सांभाळून.”

आवाज जराही हलला नाही. एक्स्चेंजात असताना चुकीचा नंबर लागला की त्या अशाच आवाजात बोलून बोर्डातली जोडणीची वायर काढून घ्यायच्या.

घर दाखवताना बाईंना आपण काय बोलतोय ते कळत नव्हतं. हवा, उजेड, पाणी, सगळं पाठ केल्यासारखं तोंडातून येत होतं. त्या मुलीने स्वयंपाकघर पाहिलं, बाल्कनी पाहिली आणि विचारलं, “इथून बस कुठे मिळते? माझी पाळी पहाटेचीही असते, आणि गाडी एकच आहे, ती हे नेतात.”

“खाली, गोदामापाशी,” दलाल पडत्या आवाजात म्हणाला.

“म्हणजे आत्ता आपण बघितलं तिथे?”

ती दोघं खाली उतरायला निघाली तर जिन्याच्या वळणावर मावशी उभ्या. पाहुणे जाईपर्यंत वर यायचं नाही म्हणून थांबलेल्या. मुलीने त्यांना ओळखलं. मग मान वळवून तिने वर दारात उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं आणि निघून गेली. ते जोडपं पुन्हा आलं नाही.

मावशी आत आल्या, न्हाणीघरात गेल्या, तिथे ठेवलेले जादाचे कपडे घालून बाहेर आल्या आणि सासूबाईंचे केस विंचरायला बसल्या. “आज उशीर गं केलास,” म्हातारी कुरकुरली. “हो आजी, बस रखडली,” मावशी म्हणाल्या. बाई दाराआडून ऐकत होत्या. आत जावं, काहीतरी बोलावं असं दहादा मनात आलं, पण त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत राहिल्या.

महिना संपला तसं मावशींनी काम सोडत असल्याचं सांगितलं. भांडण नाही, तक्रार नाही. “दुसरीकडे मिळालंय ताई. पलीकडच्या वस्तीत, नव्या थांब्यासमोर. दारातच उतरते.” सासूबाई लहान मुलासारख्या रडल्या. पुढे दोन बाया आल्या आणि टिकल्या नाहीत. म्हातारी सुनेच्या हातचं घेईना.

शेवटी बाई मावशींच्या घरी गेल्या. जाताना मुद्दाम बसने गेल्या आणि उताराखाली खांबापाशी ऊन सोसत उभ्या राहिल्या. मावशींची खोली एवढीशी, पण लखलखीत. मावशींनी खुर्ची पुसून दिली. बाई बसल्या नाहीत.

“मावशी, त्या दिवशी गाडीत… मी तुम्हाला पाहिलं होतं. ओळखलंही होतं.”

मावशींनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मग हळू म्हणाल्या, “ताई, तुम्हाला मी दिसलेच नाही, असं मी मनाला सांगून ठेवलं होतं. काचेवर ऊन होतं, ट्रक होता. आता ते पण राहिलं नाही.”

बाई माफी मागायला आल्या होत्या; मागितलीही. पण ती मागून आपण स्वतःचं ओझं तिथे त्या पुसलेल्या खुर्चीवर ठेवून आलो, असं त्यांना परतताना सारखं वाटत राहिलं. मावशींनी चहा विचारला होता. बाईंनी घेतला नव्हता.

त्यानंतर त्यांनी पालिकेच्या पायऱ्या झिजवायला सुरुवात केली. तोच अधिकारी समोर. “तुम्हीच ना त्या, थांबा नको म्हणणाऱ्या?” त्याने विचारलं. “मीच,” बाई म्हणाल्या, “आणि ती बाई जे बोलली ते मी तिला पढवलं होतं.” हे त्यांना त्या कचेरीत चार वेगवेगळ्या टेबलांसमोर सांगावं लागलं आणि प्रत्येक वेळी त्यांचा तो प्रसिद्ध आवाज मध्येच फाटला. गल्लीत बातमी पसरली. वकिलांनी बोलणं टाकलं. शेजारीण वाटीभर साखर मागायलाही येईनाशी झाली.

दोन वर्षं लागली. पण थांबा झाला, गल्लीच्या तोंडाशीच. छप्पर, बाकं, स्वच्छतागृह आणि ते झाडणारा एक माणूससुद्धा. सासूबाई तोवर गेल्या होत्या. घर विकायचा विचार बाईंनी सोडून दिला होता. आजीचे शेवटचे दिवस असे गेल्यावर आता मुलाकडे कोणत्या तोंडाने जायचं, हेही त्यात कुठेतरी होतं.

आणि गंमत बघा, सगळ्यात आधी पळत आला तो दलाल. “ताई, भाव चढलाय! लोक पहिला प्रश्न विचारतात तो बसचा. तुम्ही गल्लीचं भलं केलंत.” मग वकील आले, त्यांना आता घर विकायचं होतं, जुनं सगळं विसरून हात जोडून उभे राहिले. गल्लीच्या बैठकीत बाईंचा सत्कार करायचं ठरलं. दूरदृष्टी वगैरे शब्द वापरून झाले.

बाई उठल्या. “हा थांबा आधी मीच घालवला होता,” त्या म्हणाल्या. “एका गरीब बाईला खोटं बोलायला लावून घालवला.”

लोक कौतुकाने हसले. “मोठेपणा आहे हो बाईंचा,” कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या वाजू लागल्या.

बाई तशाच उभ्या राहिल्या, मान खाली घालून. टाळ्या लवकर थांबेनात.