दलदलीचं मीठ

जुईनगरला आमच्या घरी दर शुक्रवारी बायबल अभ्यास असतो आणि शास्त्रभाग मी समजावतो. त्या शुक्रवारी शेजाऱ्यांबरोबर त्यांच्या पाहुण्या बाई आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलण्याआधी चष्मा काढून मांडीवर ठेवायची सवय. नाव मी विचारलं नाही. नंतर तर विचारावंसंच वाटलं नाही.

विषय यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनाचा होता. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघतं, त्याची नदी होते, आणि ती जाईल तिथे खारं पाणी गोड होतं, सगळं जिवंत होतं. मी सांगितलं, मंदिर म्हणजे देवाची सोबत, पाणी म्हणजे त्याची कृपा. माझी धाकटी बहीण नवरा गेल्यापासून नुसती येऊन गप्प बसायची. हे सगळं मी तिच्यासाठीच सांगत होतो.

बाईंनी चष्मा काढला. "पुढचं राहिलं, भाऊ. काठची दलदल मात्र गोड होत नाही. देव ती मिठासाठी राखून ठेवतो."

बहिणीने मान वर केली. "म्हणजे सगळं बरं व्हायलाच पाहिजे असं नाही?"

"नाही गं. मीठपण लागतंच की माणसाला."

बहीण त्यांच्या खांद्यावर ओक्साबोक्शी रडली. वर्षभर मी त्याच रडण्याची वाट बघत होतो. माझा खांदा तिथेच, हातभर अंतरावर होता.

आता ती बोलते, हसतेसुद्धा. पण शुक्रवारी बेल वाजली की माझं बोलणं सोडून ती दाराकडे बघते. मीही बघतो, त्या बाई नसाव्यात म्हणून.